डरहॅममधली घराची रांग: एका विद्यार्थिनीच्या दुसऱ्या वर्षाचं प्रकरण

डरहॅम हे ईशान्य इंग्लंडमधलं छोटं शहर. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आणि विद्यापीठाचे विद्यार्थी वीस हजारांहून जास्त. विअर नदीच्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेला एक उंच कडा आहे, त्यावर कॅथीड्रल आणि किल्ला समोरासमोर उभे आहेत. किल्ला १०७२ चा, कॅथीड्रलचं बांधकाम १०९३ मध्ये सुरू झालं. विद्यापीठाची स्थापना १८३२ ची, आणि त्या किल्ल्यात आज युनिव्हर्सिटी कॉलेजचे विद्यार्थी खरोखर राहतात, जेवतात, परीक्षेचा अभ्यास करतात. १९८६ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे.

इथे शिकणाऱ्या मुलांचे फोटो भारतात घरी पोचतात ते याच सगळ्याचे. काळे गाऊन घालून ‘फॉर्मल’ला, म्हणजे कॉलेजच्या समारंभी जेवणाला बसलेली मुलं, प्रेबेंड्स पुलावरून दिसणारे कॅथीड्रलचे मनोरे, धुक्यातली नदी आणि तिच्यावर वल्ही मारणारे संघ. हे सगळं खरं आहे आणि सुंदरही आहे. पण अशा गावातलं विद्यार्थ्याचं जगणं कशावर ठरतं, असं मला कोणी विचारलं तर मी एकच उत्तर देईन: दुसऱ्या वर्षाचं घर. पुढचं प्रकरण त्याचंच आहे, २०२२ च्या शरद ऋतूतलं. ज्या मुलीचं ते आहे तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, कॉलेज आणि घरं भाड्याने देणारा एजंट मुद्दाम सांगत नाही.

ती सांगलीची. माझ्या मैत्रिणीची मुलगी, म्हणून मला मावशी म्हणते. मी न्यूकॅसलला राहते, डरहॅमहून आगगाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर. अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला, शैक्षणिक कर्ज मंजूर झालं, आणि सप्टेंबरअखेर ती डोंगरावरच्या एका कॉलेजात दाखल झाली. डरहॅममध्ये सतरा कॉलेजं आहेत. शिकवणं विद्यापीठाचे विभाग करतात; कॉलेज म्हणजे राहण्याचं, जेवणाचं, मैत्रीचं आणि अडीअडचणीला धावून येणारं ठिकाण. जुन्या गावातल्या दगडी रस्त्यालगतची काही कॉलेजं ‘बेली’ची, आणि दक्षिणेच्या चढावर विसाव्या शतकात आणि नंतर बांधलेली ‘हिल’ची. पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं कॉलेजातच राहतात. दुसऱ्या वर्षी बहुतेकांना बाहेर पडावं लागतं. कॉलेजचं सदस्यत्व शेवटपर्यंत टिकतं, खोली टिकत नाही.

पहिले तीन आठवडे तिने फोनवर फक्त माणसांबद्दल सांगितलं. कॉरिडॉरमधल्या पाच मुली, त्यांच्याबरोबरचे पास्त्याचे प्रयोग, कॅथीड्रलमधला मॅट्रिक्युलेशनचा, म्हणजे विद्यापीठात रीतसर दाखल होण्याचा समारंभ. मग एका गुरुवारी आवाज बदलला.

“मावशी, आम्हाला घर घ्यायचंय. उद्या सकाळी.”

“कुठलं घर? कॉलेज सोडतेस की काय?”

“नाही गं, पुढच्या वर्षाचं. सगळे घेतायत. आज रात्री रांग लावायचीय.”

ऑक्टोबर संपत आला होता आणि करार पुढच्या जुलैपासूनचा होता. आठ महिने आधी. त्या शरदात डरहॅममध्ये विद्यार्थी एजंटांच्या दुकानांबाहेर रात्रभर रांगा लावून बसले, आणि त्याच्या बातम्या देशभर झाल्या. लोकांनी त्याला खुळेपणा म्हटलं. मला तेव्हाही तसं वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्या मुलांसमोर जे होतं त्यात रांग लावणं हाच शहाणपणा दिसत होता. ते तसं का झालं हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर सगळा दोष अठरा वर्षांच्या पोरांवर जातो.

पहिलं कारण जमिनीचं. कड्यावर आणि त्याच्या आसपास नवं बांधायला जागा नाही, आणि वारशाच्या परिसरात उंच इमारती कोणी उभारू देणार नाही. विद्यार्थ्यांना हवी असतात ती घरं म्हणजे रेल्वेच्या उंच कमानी पुलाखालच्या व्हायाडक्ट भागातली, क्लेपाथची, एल्व्हेटची, पायी पंधरा मिनिटांत ग्रंथालय गाठता येईल अशी. व्हायाडक्ट भागातल्या गल्ल्या म्हणजे एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या ओळी. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात खालची बैठक हीही झोपायची खोली करून पाच-सहा विद्यार्थी राहतात.

दुसरं कारण विद्यापीठाच्या वाढीचं. स्टॉकटन गावात विद्यापीठाचा क्वीन्स कॅम्पस होता, १९९२ पासूनचा. तिथलं शिक्षण आणि तिथली दोन कॉलेजं २०१७-१८ च्या सुमारास डरहॅममध्ये आणली गेली. २०१७ च्या दहा वर्षांच्या आराखड्यात २०२७ पर्यंत साडेएकवीस हजार विद्यार्थी असं उद्दिष्ट होतं. त्यात कोविडची दोन वर्षं आली. परीक्षा रद्द झाल्या, शिक्षकांनी दिलेल्या अंदाजाच्या श्रेणी ग्राह्य धरल्या गेल्या, देशभर वरच्या श्रेणी वाढल्या, आणि ज्यांनी ज्यांनी अट पूर्ण केली त्यांना जागा देणं विद्यापीठांना भाग पडलं. माउंट ऑस्वल्डच्या जुन्या गोल्फ मैदानावर नवं साउथ कॉलेज २०२० मध्ये उघडलं खरं, पण कॉलेजातल्या खोल्या मुख्यतः पहिल्या वर्षाला पुरतात. ती मुलं वर्षभराने गावात उतरतात, आणि २०२२ मध्ये ती उतरत होती.

तिसरं कारण गावाचं स्वतःचं, आणि त्याबद्दल विद्यार्थी फार कमी बोलतात. कुटुंबाचं घर विकत घेऊन विद्यार्थ्यांना खोल्या-खोल्यांनी द्यायला पूर्वी वेगळी परवानगी लागत नसे. गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या होऊ लागल्या; म्हणजे ऑक्टोबर ते जून गजबजलेल्या, आणि उन्हाळ्यात सुन्न. शाळेत मुलं कमी, शेजारी दरवर्षी नवे. शिवाय पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक कौन्सिलची घरपट्टी, माफ असतो. २०१६ मध्ये कौन्सिलने शहरापुरता नियम बदलला आणि असं रूपांतर करायला परवानगी सक्तीची केली. २०२० च्या काउंटी आराखड्यात आणखी एक मर्यादा आली: शंभर मीटरच्या आत दहा टक्क्यांहून जास्त घरं आधीच विद्यार्थ्यांची असतील तर नव्याला साधारणपणे नकार. ज्यांची घरं आहेत त्या रहिवाशांच्या बाजूने पाहिलं तर हे पूर्ण न्याय्य आहे. पण मागणी वाढत असताना नव्या घरांची वाट त्यामुळे अरुंद झाली, हेही तितकंच खरं.

आणि चौथं कारण भीती. घरं अपुरी आहेत असं वाटलं की सगळे लवकर येतात. सगळे लवकर आले की एजंट यादी आणखी लवकर लावतात. मग ज्याला डिसेंबरपर्यंत थांबायचं आहे त्यालाही थांबता येत नाही. यात कोणी एक खलनायक नाही, पण फायदा कोणाचा होतो हे लपत नाही. आठ महिने आधी घर भाड्याने गेलं की मालकाला भिंतीला रंग द्यायचंही कारण उरत नाही.

त्या रात्री मी डरहॅमला गेले. अकराच्या सुमारास गावातल्या उताराच्या फरशीवर वीस-पंचवीस मुलं होती. घडीच्या खुर्च्या, झोपण्याच्या पिशव्या, कोणाच्या तरी कॉलेजच्या जेवणघरातून आणलेले कप. थंडी दगडातून वर येत होती. सहा जणींमधल्या दोघी आळीपाळीने बसणार असं ठरलं होतं, आणि माझी भाची पहिल्या पाळीला होती. तिने मला फोनवर कराराचा मसुदा दाखवला. एजंटने आदल्या दिवशी तो सगळ्यांना पाठवला होता. सहाजणींपैकी एकीनेही तो शेवटपर्यंत वाचला नव्हता.

आम्ही तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून वाचला. भाडं प्रत्येकी आठवड्याला १५५ पौंड, वीज-गॅस वेगळं. करार १ जुलैपासून पूर्ण बावन्न आठवड्यांचा. म्हणजे ८,०६० पौंड. पौंड तेव्हा नव्वदीत होता, तेव्हा सात लाखांच्या वर. विद्यापीठाची सत्रं ऑक्टोबर ते जून चालतात, त्यामुळे जुलै ते सप्टेंबर ती सांगलीत असणार आणि भाडं इथे चालू. व्हिसासाठी त्या वेळी लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याने महिन्याला १,०२३ पौंड, नऊ महिन्यांचे, म्हणजे ९,२०७ पौंड दाखवायचे असत. कर्जाचा हिशेब तिच्या वडिलांनी त्याच आकड्यावर बेतला होता. त्यातून हे भाडं वजा केलं तर वर्षभराच्या खाण्या-पिण्याला, कपड्यांना, प्रवासाला उरतात १,१४७ पौंड. सत्रात आठवड्याला वीस तासच काम करता येतं, आणि एवढ्याशा गावात कॅफेतली आणि बारमधली ती कामं मिळवायलाही हजारो विद्यार्थी.

मग कलम आलं गॅरंटरचं. भाडं थकलं तर भरणारा, ब्रिटनमध्ये राहणारा, ठरावीक उत्पन्नाचा माणूस. नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. सव्वीस आठवडे गुणिले १५५, म्हणजे ४,०३० पौंड एकरकमी. बँकेचं कर्ज हप्त्याहप्त्याने सुटतं. एवढी रक्कम मध्येच उचलणं शक्य नव्हतं. बाकी पाचजणींचे आईवडील इथलेच होते, त्यांना हे कलम म्हणजे एक सही.

आणि शेवटी सगळ्यांत जड कलम, जे छोट्या अक्षरांत नव्हतं, फक्त कोणी वाचलं नव्हतं. करार सहाजणींचा मिळून एक. एक निघून गेली तर तिचं भाडं उरलेल्या पाचजणींनी भरायचं. तीन आठवड्यांच्या ओळखीवर ही जबाबदारी.

तिने बाबांना फोन लावला. सांगलीत पहाटेचे साडेतीन-चार झाले होते. ते जागेच होते.

“बाबा, गॅरंटर लागतोय. इथलाच.”

“अगं, पण आत्ता कुठे महिना झालाय तुला जाऊन. त्या मुली चांगल्या आहेत का?”

“चांगल्या आहेत.”

“मग त्यांना सांग, बाबा पैसे मार्चमध्ये देतील.”

“असं चालत नाही हो इथे.”

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्यांनी मला फोन द्यायला सांगितला आणि विचारलं, “वहिनी, तुम्ही राहाल का जामीन?”

मी नाही म्हणाले. ते सोपं नव्हतं. तिच्या एकटीच्या भाड्याला मी जामीन राहिले असते. पण करार एकत्र होता, आणि त्या मसुद्यात गॅरंटरची जबाबदारी फक्त तिच्या वाट्यापुरती आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी एजंटला पहाटेच ईमेल केला: जबाबदारी एका वाट्यापुरती लिहून द्याल का? सकाळी दुकान उघडल्यावर काउंटरवरच्या बाईंनी सभ्यपणे सांगितलं की मसुद्यात बदल होत नाही आणि मागे रांग आहे. साडेनऊला माझी भाची बाजूला झाली. दहाच्या आत तिच्या जागी दुसऱ्या कॉरिडॉरची मुलगी आली आणि घर गेलं.

नोव्हेंबर तिला कठीण गेला. त्या पाचजणी दुष्ट नव्हत्या, पण त्यांच्या बोलण्यात आता एक घर होतं आणि त्या घरात ती नव्हती. कोणती खोली कोणाची, पडदे कोण आणणार, हे तिच्यासमोर बोलावं की नाही हे त्यांनाही कळेना. दुपारी चारला अंधार पडायला लागला होता. घरी फोन केला की आई विचारायची, “झालं का गं घराचं?” आणि ती विषय बदलायची. छोट्या गावात लपायला जागा नसते. ग्रंथालयात, कॅफेत, पुलावर तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. मोठ्या शहरात ही गोष्ट चार दिवसांत विरली असती.

कॉलेजने इथे चांगलं काम केलं, हे सांगायला हवं. विद्यार्थ्यांची काळजी घेणाऱ्या कार्यालयातल्या बाईंनी तिच्याबरोबर बसून तीन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली, सगळी घरं ऑक्टोबरात जात नाहीत. जानेवारीनंतर गट फुटतात, कोणी वर्षभराच्या प्लेसमेंटला, म्हणजे कामाच्या अनुभवासाठी जातं, कोणी परदेशी सत्राला, आणि खोल्या सुट्या होतात. दुसरी, २०१९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये एजंटला भाडेकरूकडून करार करण्याची वेगळी फी घेता येत नाही. या पातळीच्या भाड्याला डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि घेतलेलं डिपॉझिट तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. तिसरी, खोलीपुरता वेगळा करार देणारे मालक आहेत, फक्त ते व्हायाडक्टखाली क्वचित सापडतात. गिल्सगेट, नेव्हिल्स क्रॉस, लँगली मूर अशा जरा लांबच्या भागांत शोधावे लागतात.

फेब्रुवारीत गिल्सगेटला खोली मिळाली. चारजणांचं घर, प्रत्येकाचा करार वेगळा, आठवड्याला १२० पौंड, भाडं दर तीन महिन्यांनी. मालक स्वतः त्याच भागातला निवृत्त माणूस. त्याने गॅरंटर मागितला, आणि या वेळी मी सही केली, कारण कागदावर तिची खोली आणि तिचंच भाडं होतं. विभागापर्यंत चालत अर्धा तास, त्यात परतीचा चढ. पहिल्या आठवड्यात ती रडकुंडीला आली, मग चांगले बूट घेतले.

शेजारी एक वयस्कर बाई एकट्या राहतात, त्यांचे वडील खाणीत होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दार वाजवून विचारलं, या आठवड्याला कुठला डबा बाहेर काढायचा ते ठाऊक आहे का? एक आठवडा कचऱ्याचा, पुढचा पुनर्वापराचा, आणि काच वेगळ्या खोक्यात. गल्लीतल्या भांडणांचं मूळ बरेचदा हे डबेच असतात, हे तिला तेव्हा कळलं: विद्यार्थी आठवडा चुकवतात, डबा भरून वाहतो, वारा सुटला की कागद सगळ्यांच्या अंगणात. तिने वेळापत्रक फ्रीजवर लावलं. डिसेंबरात बाईंना तिळाच्या वड्या दिल्या. त्यांनी तिला जुलैमधल्या खाण कामगारांच्या मेळाव्याचे फोटो दाखवले, बँडबाजे आणि रेशमी निशाणं घेऊन जुन्या गावातून जाणाऱ्या मिरवणुकीचे. हा मेळावा १८७१ पासूनचा आहे, या गावाचा खरा सण म्हणावा असा. पण तो जुलैच्या दुसऱ्या शनिवारी येतो, तोवर बहुतेक विद्यार्थी घरी गेलेले असतात. तीन वर्षं गावात राहून गाव न पाहता जाणं त्यामुळे फार सोपं होतं. तिने तिसऱ्या वर्षाअखेरीस परतीचं तिकीट त्यासाठी पुढे ढकललं, आणि बाईंबरोबर एल्व्हेट पुलाजवळ उभं राहून मिरवणूक पाहिली.

त्या पाचजणींचं काय झालं? काही वाईट झालं नाही. सहाव्या मुलीशी त्यांचं छान जमलं, वर्ष सुखात गेलं, आणि त्या आजही एकमेकींच्या मैत्रिणी आहेत. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण रांगेत सही करणाऱ्यांचं नेहमी वाटोळं होतं असं नाही. ज्यांच्यामागे इथे राहणारे आईवडील आहेत त्यांच्यासाठी तो करार थोडी घाई होती, एवढंच. ज्यांच्यामागे सांगलीतला कर्जाचा हप्ता आहे त्यांच्यासाठी तोच कागद वेगळा असतो. एकाच कॉरिडॉरमध्ये, एकाच भांड्यातला पास्ता खाणाऱ्या सहा मुलींमधली ही दरी पहिले तीन आठवडे कुणालाच दिसली नव्हती. मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

यानंतर कायदाही बदलला. भाडेकरूंच्या हक्कांच्या नव्या कायद्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये राजसंमती मिळाली आणि त्यातल्या भाडेकराराच्या तरतुदींसाठी १ मे २०२६ ही तारीख ठरली. त्यात ठरावीक मुदतीचे करार संपतात. विद्यार्थ्यांचं सामायिक घर पुढच्या तुकडीसाठी उन्हाळ्यात रिकामं करून घ्यायला मालकाला एक खास कायदेशीर आधार दिला आहे, पण करार राहायला येण्याच्या सहा महिन्यांहून आधी झाला असेल तर तो आधार वापरता येत नाही. ऑक्टोबरात जुलैचा करार करण्यामागचं मालकाचं गणित यामुळे बिघडतं. नेमक्या याच रांगांवर घातलेला हा घाव आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत करते.

त्याच कायद्याने एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागायला बंदी घातली आहे. चार हजार पौंड एकरकमी कुठून आणायचे हा तिच्या बाबांचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. पण ज्याच्याकडे गॅरंटर नाही आणि पैसे आहेत, त्याची आजवरची वाटही आगाऊ भाडं भरण्याचीच होती, आणि ती बंद झाल्यावर मालक गॅरंटरवरच अडून बसतील अशी मला काळजी आहे. म्हणून आता कोल्हापूर-साताऱ्याकडचे पालक फोन करतात तेव्हा मी गाऊनच्या आणि स्वेटरच्या आधी हेच विचारते: तिकडे जामीन राहणारं कोणी आहे का, आणि नसेल तर विद्यापीठ त्यासाठी काय करतं, हे प्रवेश नक्की करण्याआधी त्यांच्याकडून लेखी घेतलं का?